सनद सस्पेंड करून लॉ ऑफिसर व्हावं का?

पत्र : नमस्कार ताई, मी डिचोली तालुक्यातली. लॉ केलं, बारची परीक्षा पास झाले आणि आता अडीच वर्षं म्हापसा कोर्टात एका सिनियरकडे ज्युनियर आहे. गेल्या महिन्यात सरकारच्या एका खात्यात लॉ ऑफिसर म्हणून माझं सिलेक्शन झालं. ऑर्डर एका वर्षाच्या काँट्रॅक्टची आहे, पण पुढे वाढवतात असं ऑफिसातले सांगतात. पंधरा दिवसांत जॉईन व्हायचंय. बाबांचा खाणीवरचा ट्रक २०१८ मध्ये थांबला तो थांबलाच, त्यामुळे घरी सगळे म्हणतात सरकारी नोकरी दारात आलीय, सोडू नको. सिनियर म्हणतात तिथे गेलीस की तुझी वकिली संपली, फाईली ढकलत बसशील. मला पुढे जजची परीक्षा द्यायची आहे. आणि खरं सांगू, एक भीती पण आहे. उद्या साहेबांनी चुकीची गोष्ट कोर्टात बरोबर म्हणून मांडायला सांगितली तर मी काय करायचं? — एक ज्युनियर, डिचोली

बाय, आधी सरळ उत्तर देते, कारणं मागून सांगते. ही ऑर्डर आत्ता घेऊ नकोस. पण तुझे सिनियर सांगतायत त्या कारणासाठी नाही, ते कारण मला अजिबात पटत नाही आणि त्याबद्दल खाली लिहिणारच आहे, कारण मी स्वतः सरकारी खात्यात हेच काम केलंय आणि त्या कामाला कोणी फाईल ढकलणं म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट तुझ्या अडीच वर्षांची. सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ च्या निकालात सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली. ही तीन वर्षं प्रोव्हिजनल नोंदणीच्या तारखेपासून धरायची असं त्यात म्हटलंय, म्हणजे बारची परीक्षा तू नंतर पास झालीस म्हणून मधले महिने फुकट जात नाहीत. तेव्हा आधी तुझा नोंदणीचा कागद काढ आणि तारीख बघ, कदाचित तू समजतेस त्यापेक्षा जवळ पोचलेली असशील. सर्टिफिकेट लागतं ते तू काम करतेस तिथल्या कोर्टाच्या प्रमुख न्यायाधीशांचं, किंवा दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचं आणि त्यावर त्या न्यायाधीशांची सही. म्हणजे सिनियरशी गोडीत राहा, तो कागद बहुतेक त्यांच्याच हातून येणार.

आता तू पूर्ण वेळ पगारावर लॉ ऑफिसर झालीस तर काय होतं बघ. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ४९ नंबरचा नियम आहे, पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवायची आणि बार कौन्सिलला तसं कळवायचं. पूर्वी सरकारी लॉ ऑफिसरांना त्यात सूट होती, २००१ मध्ये ती काढून टाकली. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, हिमाचलच्या वीज मंडळातल्या एका लॉ ऑफिसरची सनद, म्हणजे वकिलीची नोंदणी, गेली होती आणि कोर्टाने ते योग्य धरलं, कारण त्याच्या नोकरीच्या अटी पाहिल्या तर कोर्टात उभं राहून केस चालवणं हे त्याचं मुख्य काम नव्हतंच. पुढे २०१३ मध्ये दीपक अगरवाल प्रकरणात कोर्टाने दुसरी बाजूही स्पष्ट केली, सरकारी वकील म्हणजे पब्लिक प्रॉसिक्युटर वगैरे पगार सरकारचा घेत असले तरी त्यांचं कामच कोर्टात केस चालवणं आहे म्हणून ते ॲडव्होकेटच राहतात. थोडक्यात पगार कोण देतो यापेक्षा तुझ्या ऑर्डरमध्ये काम काय लिहिलंय यावर सगळं अवलंबून. तुझी ऑर्डर काढ आणि ड्युटीजचा परिच्छेद वाच. त्यात कायदेशीर मत देणे, ड्राफ्ट तपासणे, सरकारी वकिलांशी समन्वय ठेवणे एवढंच असेल तर सनद सस्पेंड करावी लागणार आणि तुझा तीन वर्षांचा हिशोब तिथेच थांबणार. नुसती सहा महिन्यांची गोष्ट राहिली असताना हे करायचं मला तरी कारण दिसत नाही.

दुसरी गोष्ट घरी समजावून सांगायला हवी आणि ती नाजूक आहे. आपल्याकडे गोंयांत सरकारी नोकरी म्हटली की घरात गोड वाटतात आणि काँट्रॅक्ट हा शब्द कोणाच्या कानावर पडत नाही. एका वर्षाचं काँट्रॅक्ट म्हणजे एक वर्षच. पुढे वाढवतात हे ऑफिसातल्या माणसांचं बोलणं, ऑर्डरमध्ये ते नाही. आणि वर्षानुवर्षं वाढवत नेलं तरी कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, उमादेवी प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २००६ मध्येच ते सांगून ठेवलंय. मी असे लोक पाहिलेत, सनद सस्पेंड करून आले, दर मार्च-एप्रिलला एक्स्टेंशनच्या फाईलमागे मंत्रालय ते खातं अशा फेऱ्या मारत राहिले, आणि चाळिशीत परत कोर्टात गेले तेव्हा त्यांचे ज्युनियर सिनियर झाले होते. बाबांना हे नीट बसवून सांग. त्यांना तुझा पगार नकोय गं, त्यांना तुझी उद्याची काळजी आहे, आणि एका वर्षाच्या कागदाने ती काळजी मिटत नाही हे ते समजून घेतील.

पैशाचं मात्र मी हलक्यात घेत नाही. घरात एक कमाई थांबलेली असताना ज्युनियरच्या तुटपुंज्या पैशावर अजून सहा महिने काढ असं सांगणं सोपं आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या ऑक्टोबरात सर्क्युलर काढून ज्युनियरना शहरात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंड द्यावा अशी शिफारस केलीय. शिफारसच आहे, सक्ती नाही, पण ते सर्क्युलर प्रिंट काढून सिनियरपुढे ठेव आणि बोल. तुला जाऊ देऊ नये असं वाटत असेल तर त्यांनी तेवढं करावं. शिवाय गरजूंना मोफत वकील देणाऱ्या डिस्ट्रिक्ट लीगल सर्व्हिसेस अथॉरिटीच्या पॅनेलवर जाता येतं का विचार, पैसे फार नाहीत पण केस स्वतःच्या नावावर चालवायला मिळते आणि सनदेला धक्का नाही. आणि ज्या खात्याने तुला निवडलं त्यांनाच विचारायला काय हरकत आहे, पगारावर नको, फी वर पॅनेलची वकील म्हणून काम द्याल का? बरीच खाती आणि महामंडळं बाहेरच्या वकिलांना केसमागे फी देतात, तसं असेल तर तू प्रॅक्टिस चालू ठेवून त्यांचंही काम करशील.

आता सिनियरांच्या बोलण्यावर येते. फाईल ढकलणं. खात्याविरुद्ध रिट पिटिशन येते तेव्हा पर्वरीला हायकोर्टात सरकारी वकील उभा राहतो, पण त्याच्या हातात जे कागद असतात ते कोणी दिलेले असतात? पिटिशनच्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर, आपण पॅरावाईज रिमार्क्स म्हणतो ते, खात्यातून जातात. ते नीट नसतील तर सगळ्यात हुशार ॲडव्होकेट जनरलसुद्धा काही करू शकत नाही. रिमार्क्स म्हणजे केवळ "नाकबूल" असं लिहिणं नव्हे, मूळ फाईल काढायची, फील्डवर गेलेल्या सर्व्हेयरला बोलवायचं, त्याला कोंकणीत विचारायचं नेमकं काय पाहिलंस, आणि ते इंग्लिशमध्ये असं लिहायचं की त्याच्या तोंडचं एक अक्षर वाढलं पण नाही आणि कमी पण झालं नाही. हे कसब आहे. कोर्टात उलटतपासणी घेणाऱ्याइतकंच.

तारखांचं काम तर कोणाला दिसतच नाही. खात्याविरुद्ध निकाल लागला की अपिलाची मुदत धावायला लागते आणि निकालाची कॉपी कुठल्यातरी सेक्शनमध्ये इनवर्ड होऊन पडलेली असते, मग चवथीची सुट्टी येते, मग असेंब्ली सेशन येतं आणि सगळं ऑफिस एलएक्यूची, म्हणजे आमदारांच्या प्रश्नांची, उत्तरं तयार करण्यात बुडतं, आणि जाग येते तेव्हा मुदत संपलेली असते. पोस्ट खात्याच्या एका प्रकरणात २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चारशेहून जास्त दिवसांचा उशीर माफ करायला नकार दिला आणि सांगितलं की सरकार आहे, फाईल फिरत होती, ही सबब यापुढे चालायची नाही. तेव्हा चांगला लॉ ऑफिसर म्हणजे ज्याच्या टेबलावर तारखांची वही असते, कॉम्प्युटरवर असो की कागदावर, आणि जो सेक्शनमधल्या क्लार्कला रोज विचारतो की आज कोर्टातून काय आलं.

आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम कोर्टापर्यंत गोष्ट जायच्या आधीचं. सरकारवर दावा लावायच्या आधी सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हे दोन महिने कायद्याने कशासाठी दिलेत? सरकारने आपली चूक तपासावी, खरंच चूक असेल तर दुरुस्त करावी, बिचाऱ्या माणसाला कोर्टात यायला लावू नये म्हणून. प्रत्यक्षात नोटिशीला उत्तरच जात नाही. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात वैतागून सांगितलं होतं की प्रत्येक सरकारने आणि खात्याने या नोटिशींना वेळेत उत्तर देण्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा. तो अधिकारी म्हणजे तू असशील, पुढे कधी गेलीस तर.

एक उदाहरण सांगते. रस्ता रुंदीकरणासाठी जमीन घ्यायची होती. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर एका गृहस्थाचं नाव, नोटीस त्याला, हरकती त्याच्या, सगळं त्याच्याशी. आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धा हिस्सा तिचा. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला हे डोक्यातच येत नाही. वर त्या जमिनीची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेलीच नव्हती, भाऊ पोर्तुगालला, बहीण फोंड्याला, कोणाला पत्ता नाही. फाईल माझ्याकडे मतासाठी आली तेव्हा मी लिहिलं की हे सगळे हितसंबंधी आहेत, यांना नोटीस द्या, नाहीतर भरपाईच्या वाटणीवरून ही गोष्ट दहा वर्षं कोर्टात राहील. वरून घाई होती, कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेपासून बारा महिन्यांत कलम १९ ची घोषणा झाली नाही तर ती अधिसूचना रद्द होते. तरी वेळ होता, नोटिसा गेल्या, ती बाई ऑफिसात आली, तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की यातला अर्धा पैसा तुमचा आहे. एकही दावा झाला नाही. याला वकिली म्हणायचं नाही तर कशाला?

म्हणून तुला सांगते, पुढच्या सहा महिन्यांत सिनियरकडे गोव्याचे कायदे पक्के कर. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा) कायदा, कुळ कायदा, लँड रेव्हेन्यू कोड, कोमुनिदादचा (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) कोड, २०१२ चा वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा, टाऊन प्लॅनिंग. आणि जमलं तर जुने पोर्तुगीज दस्त वाचायला शिक, निदान इन्स्क्रिप्शन, डिस्क्रिप्शन आणि मात्रीझचे, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदणीचे आणि कराचे, कागद समजण्यापुरतं. जमिनी हडपण्याची जी प्रकरणं गेल्या काही वर्षांत बाहेर आली त्यात खोटे जुने दस्त किती सहज खपले ते पेपरात वाचलं असशील. असा कागद बघून संशय येईल असं माणूस खात्यात असणं केवढं गरजेचं आहे.

आता तुझी भीती. या प्रश्नासाठी मला तुझं पत्र फार आवडलं.

दोन गोष्टी वेगळ्या कर. खात्याची बाजू कमकुवत आहे पण मांडता येण्यासारखी आहे, तुला मनातून पटत नाही, तरी ती नीट मांडायला मदत करणं हे तुझं कामच आहे, निकाल देणं कोर्टाचं. पण घडलेली गोष्ट घडली नाही असं ॲफिडेव्हिटमध्ये लिहायचं, पंचनामा मागच्या तारखेचा करायचा, फाईलमधला कागद काढून ठेवायचा, हे कोणीही सांगितलं तरी करायचं नाही. ॲफिडेव्हिटवर सही अधिकाऱ्याची असते, ड्राफ्ट तुझा असतो, आणि खोट्या शपथपत्राचा गुन्हा साधा नाही, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. हे त्या अधिकाऱ्यालाही शांतपणे सांगायचं, धमकी म्हणून नाही, त्याच्या भल्यासाठी म्हणून. माझा अनुभव असा की दहातल्या बहुतेकांना खरं खोटं करायचं नसतं, त्यांना वरून दडपण असतं आणि कोणीतरी कायद्याचा माणूस नाही म्हणाला की त्यांना सुटल्यासारखं वाटतं, मग ते वर जाऊन सांगू शकतात की लीगल नको म्हणतंय.

तोंडी आदेशाचं पण ऐक. सेंट्रल सिव्हिल सर्व्हिसेसचे १९६४ चे कंडक्ट रूल्स गोवा सरकारच्या नोकरांना लागू आहेत आणि त्यातला नियम ३ फारच कमी लोक वाचतात. वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी असावा, तोंडी दिला तर नंतर लेखी दुजोरा द्यावा, आणि ज्याला तोंडी आदेश मिळाला त्याने होईल तितक्या लवकर तो लेखी मागून घ्यावा, असं त्यात आहे. म्हणजे साहेबांनी केबिनमध्ये काहीतरी सांगितलं तर बाहेर येऊन फाईलवर नोट टाक, आजच्या चर्चेत दिलेल्या सूचनेप्रमाणे असं असं करायचं आहे, याबाबत कायद्याची स्थिती अशी अशी आहे, कृपया आदेश व्हावेत. बस. आवाज चढवायचा नाही, कोणाच्या हेतूबद्दल एक शब्द लिहायचा नाही. फॅक्ट्स, कायदा, कोणते पर्याय आहेत, माझं मत काय. साहेबांना तुझं मत डावलायचा अधिकार आहे आणि ते डावलतीलही, पण मग त्यांना सहीसकट कारण लिहावं लागेल. फाईलवरच्या नोटिंगा माहितीच्या अधिकारात बाहेर येऊ शकतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या सूचना लेखी मागितल्या त्यातल्या कितीतरी पुन्हा आल्याच नाहीत.

याची किंमत नसते असं मात्र मी म्हणणार नाही. महत्त्वाच्या फाईली तुझ्याकडे यायच्या बंद होतील, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या ऑफिसात बदली होईल. आणि इथेच काँट्रॅक्टचा प्रश्न परत येतो. कायम नोकरीतल्या माणसाला चौकशी केल्याशिवाय काढता येत नाही, संविधानाच्या कलम ३११ चं संरक्षण आहे, म्हणून तो नाही म्हणू शकतो. एका वर्षाच्या ऑर्डरवर असलेल्या मुलीला काढावंसुद्धा लागत नाही, फक्त वाढवायचं नाही. खरं मत देणाऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवणं मला मनापासून चुकीचं वाटतं, सरकारने लॉ ऑफिसरची पदं काँट्रॅक्टवर भरूच नयेत, पण आज ते तसं आहे आणि तुला त्यात पहिल्याच नोकरीत उडी मारू दे असं मी म्हणणार नाही.

तुझ्या बाबांच्या ट्रकाचं लिहिलंस म्हणून एक गोष्ट बोलते. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून खाणी बंद झाल्या, डिचोली सत्तरीत काय झालं ते तू घरात बघितलंस. कोर्टाने काय म्हटलं होतं? ऑक्शनचा नवा कायदा येणार हे दिसत असताना सरकारने घाईघाईत जुन्याच लोकांना लीजा वाढवून दिल्या. म्हणजे गोष्ट सुरू झाली ती फाईलवर. अशा फाईलवर कोणीतरी कायद्याच्या माणसाने ठामपणे लिहिलेलं एक पान किती घरांना पुरलं असतं याचा विचार कर. म्हणून मला वाटतं तुझ्यासारख्या मुलीने, जिच्या घरात त्या निर्णयाची झळ पोचलीय, कधीतरी या कामात यावंच. पण कायम पदावर ये, पाय रोवून ये.

तर आता करायचं काय. खात्याला पत्र लिही, निवडीबद्दल आभार मान, प्रॅक्टिसची तीन वर्षं पूर्ण व्हायची आहेत म्हणून जॉईन व्हायला अमुक तारखेपर्यंत मुदत द्यावी अशी विनंती कर. काँट्रॅक्टच्या पदाला एवढी मुदत बहुधा देत नाहीत, पण नकार आला तरी तो लेखी येऊ दे, फोनवर ऐकून सोडून देऊ नकोस. त्याच पत्रात विचार की हे पद भविष्यात कायम स्वरूपात भरायचा प्रस्ताव आहे का, आणि कामात कोर्टात हजर राहणं येतं का. दरम्यान गोवा लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, लॉ ऑफिसरसाठी पण आणि असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटरसाठी पण, हे दुसरं पद तुला जास्त जुळेल असं मला वाटतं कारण रोज कोर्टात उभं राहायला मिळतं आणि ॲडव्होकेट म्हणून तुझी वर्षं चालू राहतात. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदाराकडून आत्ताच काढून ठेव, कोंकणीची अट असते ती तुला अडचण नाही.

पत्र या आठवड्यातच नेऊन दे, पोस्टाने नको, स्वतः जाऊन इनवर्डला दे आणि शिक्का मारलेली कॉपी घरी आण.